उताऱ्याची चिठ्ठी

माझी नोकरी कायम झाली ती कागदाच्या एका तुकड्यामुळे. तो तुकडा माझ्या खिशात होता आणि त्यावरचं अक्षर भाऊंचं होतं. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण भाऊंबद्दल काही लिहायचं म्हटलं की मी तिथेच येऊन अडकतो, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

भाऊ आमच्या संगणक केंद्रात सिनियर ऑपरेटर होते. मॅनेजर साहेबांपासून सगळे त्यांना भाऊच म्हणत. राहायला नागपुरातल्या महाल भागात. भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेलं घराणं, पण भाऊ स्वतः मॅट्रिकवर थांबलेले. एका कारखान्यात मशीनला माहिती पुरवणारी कार्डं पंच करता करता ते मशीनपर्यंत पोचले होते, आणि प्रोग्रॅम लिहायला त्यांनी जाड इंग्रजी पुस्तकं पुढ्यात घेऊन एकट्याने शिकून घेतलं होतं. पन्नाशीला आलेले, उंच, मानेत थोडे वाकलेले. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात कांदा. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून नागपुरात पुष्कळजण कांदा बाळगतात, पण आमच्या मशीनरूममध्ये ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसावं लागे, आणि तिथेही भाऊंचा कांदा खिशातच. मुंबईहून येणारा इंजिनिअर नाक मुरडायचा.

"मशीनले वास नाई येत, तुले येते," भाऊ त्याला म्हणत. "मंग तू बाहेर बस."

ऐंशीनंतरचा काळ तो. नागपुरात संगणक अजून नवलाचा होता. आमच्याकडे कपाटाएवढं एक मशीन, ते चालवायचं मुख्य टर्मिनल, आणि माहिती भरायची, म्हणजे एंट्रीची, सहा टर्मिनलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आम्ही परीक्षांचे निकाल करून द्यायचो. आत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे, दसऱ्याला मशीनला हार घालायचा, आणि एरवी त्याच्याजवळ हळू बोलायचं, असा सगळ्यांचा शिरस्ता. भाऊ सोडून.

मी नागपूरजवळच्या खाप्याचा. वडील मागावर साड्या विणायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी शाळेत शिकलेलो, एस.टी.ने नागपूरला येऊन-जाऊन बी.एस्सी. झालो आणि या केंद्रात एक वर्षाच्या प्रोबेशनवर ऑपरेटर म्हणून लागलो. वर्षभर काम चोख केलं तर कायम, नाहीतर घरी. वडिलांची नजर अधू होत चालली होती. "परमनंटचा कागद आण," ते म्हणाले होते, "मंग मी माग उभा करून ठेवतो." म्हणजे बंद करतो. त्यामुळे त्या वर्षात मी मशीनरूममध्ये पाऊल टाकायचो ते काचेच्या भांड्यांच्या दुकानात शिरल्यासारखं.

पहिल्याच दिवशी मला एका टर्मिनलपुढे बसवून नाव टाईप करायला सांगितलं. मी एकेक अक्षर शोधून नाव टाकलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली: 'खाप्याहून आला ना?'

मी 'येस सर' असं टाईप केलं.

'चपला बाहेर काढल्या का?'

मी उठून उभा राहिलो आणि पायांकडे पाहिलं. चपला बाहेरच होत्या. मागच्या टेबलांवर कोणीतरी फिसकन हसलं. मी परत बसून 'येस सर' टाकलं, आणि मशीनने विचारलं, 'मग पाय का धुतले नाही?'

मी खरोखर दाराकडे निघालो होतो. तेव्हा खांद्यावर एक हात पडला. "बस गा. कीबोर्ड उचल."

कीबोर्डखाली कागदाची एक चिठ्ठी होती. टपोऱ्या, गोल अक्षरांत लिहिलेली: 'घाबरू नको. एक्स दाब. सगळं जसंच्या तसं.' मी एक्स दाबला. पडदा स्वच्छ झाला.

भाऊंच्या खोड्यांची ही रीत होती. कोणाचीही खोडी काढायची तर ती उतरवायची युक्ती आधी एका चिठ्ठीवर लिहायची आणि त्याच माणसाच्या कीबोर्डखाली ठेवायची. तिला ते उताऱ्याची चिठ्ठी म्हणत. खोडी झाली की चिठ्ठी स्वतःच्या हाताने उचलून न्यायची. कोणाच्या भरलेल्या कामाला बोट लावायचं नाही. आणि खोडी काढून खोलीतून निघून जायचं नाही. एका वहीत प्रत्येक खोडी तारखेनिशी लिहिलेली असे, प्रोग्रॅमसकट.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्ही हे काहून करता?"

"हे पाह्य," ते म्हणाले, "ह्या पोरी टाईपरायटरवरून आल्या. तू मागावरून आला. तुमाले वाटते, एक बटन चुकलं का मशीन जळन. घाबरलेला माणूस हमखास चुकीचं बटन दाबते. मशीन काही मस्करी करत नाई, म्हून आपल्याले कराव लागते. दोन-चार वेळा हसला ना माणूस, का भीती जाते त्याची."

आणि ते खरं होतं. एंट्रीला बसणाऱ्या कुंदाताई आधी प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी डोळे मिटायच्या. एका दुपारी त्यांच्या पडद्यावर आलं, 'मले भूक लागली. चिवडा द्या.' त्यांनी 'देत नाही' असं टाईप केलं. मशीन म्हणालं, 'मग मी पण काम करत नाही.' कुंदाताईंनी खुर्ची वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भाऊ, माह्या घरी दोन लेकरं आहेत रडाले. हे तिसरं कोणाचं?"

"सरकारी आहे वं," भाऊ म्हणाले. "सांभाळा."

त्यानंतर कुंदाताईंनी कधी डोळे मिटले नाहीत. सहाही टर्मिनलांवर त्यांचा हात सगळ्यांत जलद झाला.

मॅनेजर साहेबांना मात्र हे मुळीच आवडत नसे. ते पुण्याकडचे, शिस्तीचे, आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. पण निकालांच्या कामात थट्टा म्हटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. होळीच्या सुमारास एका खोडीवरून त्यांनी भाऊंना सगळ्यांदेखत सांगितलं, "यापुढे तुमच्या करमणुकीमुळे कामात एक मिनिट जरी गेलं, तर मशीनरूम तुम्हाला बंद." भाऊ "हो साहेब" म्हणाले. पंधरा-वीस दिवस गप्प राहिले. मग पुन्हा कोणीतरी नवा आला, आणि पुन्हा कीबोर्डखाली चिठ्ठी.

ती मे महिन्याची गोष्ट. निकालाची तारीख वर्तमानपत्रात छापून आली होती. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. साहेबांनी मला बोलावून, "तुमच्याबद्दल तक्रार नाही," एवढंच म्हटलं होतं, आणि ते वाक्य मी खाप्याला पोस्टकार्डावर लिहून कळवलं होतं.

त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत एक नवा ऑपरेटर आला होता. माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या कपाटाकडे एकटा जायला तो तयार नसे. भाऊंनी त्याच्यासाठी मुख्य टर्मिनलवर मशीनच्याच इंग्रजीत एक खोटा मेसेज तयार केला: 'डिस्कमध्ये बिघाड. मशीन थांबवा. इंजिनिअरला बोलवा.' पोरगा पांढराफटक पडला. तेवढ्यात साहेब फेरीवर आले. भाऊंनी पुढे होऊन झटकन खोडी उतरवली, साहेबांशी प्रिंटरच्या रिबिनीबद्दल काहीतरी बोलत त्यांना दारापर्यंत नेलं, आणि त्या गडबडीत आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी उचलायचे विसरले.

चार दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, मुख्य टर्मिनलवर मी होतो. सकाळपासून एंट्री झालेले गुण मुख्य फाइलमध्ये चढवायचं काम चालू होतं. भाऊ समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. पडद्यावरची अक्षरं थांबली आणि एक ओळ आली. डिस्कमध्ये बिघाड. मशीन थांबवा. इंजिनिअरला बोलवा.

मला हसू आलं.

मला ते हसू अजून आठवतं. वर्षभरापूर्वी मी दाराकडे पाय धुवायला निघालो होतो, आणि आता मी हसत होतो. माझ्या मनात आलं, आज आपला नंबर. मी कीबोर्ड उचलला. खाली चिठ्ठी होती, तेच टपोरं अक्षर: 'काही होत नाही. रिटर्न दोनदा दाब.'

टपरी तीस पावलांवर होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, कोणतीही चूक दिसल्यास मशीन थांबवून वरिष्ठांना कळवावे. मी रिटर्नचं बटण दोनदा दाबलं.

खोट्या मेसेजमध्ये त्याचा अर्थ 'खोडी उतरव' असा होता. खऱ्या मेसेजमध्ये त्याचा अर्थ 'बिघाड असला तरी लिहीत राहा' असा होता. डिस्कच्या कपाटातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायला लागला. पलीकडच्या एंट्रीच्या खोलीत कुंदाताईंनी मान वर केली. मी मशीन बंद केलं तोवर मिनिटभर तो आवाज चालला होता, आणि डिस्क खरवडून गेली होती.

रोज संध्याकाळी त्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची असा नियम होता. पण दुसरं यंत्र तीन दिवसांपासून नादुरुस्त होतं आणि इंजिनिअर यायचा होता. म्हणजे तीन दिवसांचं काम गेलं. सहाजणींनी तीन दिवस भरलेले गुण, आणि निकालाला नऊ दिवस.

भाऊ चहा टाकून धावत आले, दुपट्टा हातात. त्यांनी डिस्कला कान लावला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे. चिठ्ठी मी तोवर खिशात घातली होती. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

साहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "उद्या अकरा वाजता लेखी खुलासा. त्यावर ठरवतो." काय ठरवतो, ते मला समजलं.

संध्याकाळी सायकल स्टँडवर भाऊंनी मला गाठलं. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"काय लिहशीन?"

"लिहीन का मेसेज समजला नाई."

"इंग्रजी समजत नाई अशा माणसाले परमनंट करतीन का ते?"

"मंग लिहितो, चुकून हात लागला."

"दोनदा?"

मी सायकल बाहेर ओढली.

"चिठ्ठी कुठी आहे?"

"फाडली."

"खोटं नको बोलू. तुह्या खिशातून दिसून राहिली." मी खिशावर हात ठेवला. भाऊ चिडले. मी त्यांना त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "खुलाशाले ती चिठ्ठी जोड. सरळ लिही, भाऊंची खोडी वाटली म्हून दाबलं. खरं आहे ना?"

"तुमाले मशीनरूम बंद होईल, भाऊ."

"आणि तुले?"

"मी दुसरीकडे पाहीन."

"कुठी पाहशीन? ह्या गावात मशीनं किती आहेत? मोज." त्यांनी सायकलचं कुलूप उघडलं, परत लावलं, परत उघडलं. "माह्यासाठी मोठा होऊ नको गा. मी काय देव आहो का?"

माझी खोली हुडकेश्वरला होती, तेव्हा तिकडे शेतंच होती. मी सायकलवर सबंध रस्ता एकच हिशेब करत गेलो. चिठ्ठी दिली तर माझी नोकरी राहील आणि त्यांचं मशीन जाईल. चिठ्ठी दिली नाही तर वडील मागावरून उठणार नाहीत. ज्या माणसाने मला मशीनपुढे माणसासारखं बसायला शिकवलं, त्याचं नाव कागदावर लिहायला माझा हात वळेना. सकाळी मी लिहिलं, 'घाईत मेसेज नीट वाचला नाही, क्षमा असावी.' चिठ्ठी शर्टाच्या खिशातच ठेवली. फाडली नाही. का फाडली नाही, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये कूलर घरघरत होता. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"नीट वाचला नाही? तुम्ही ग्रॅज्युएट ना?"

"हो सर."

"मशीन थांबवा असं समोर लिहिलेलं असताना तुम्ही दोनदा पुढे जा म्हणून सांगितलंत. अशा माणसाला मी कायम करू? तुम्हीच सांगा."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

भाऊ न विचारता आत आले. हातात ती खोड्यांची वही. त्यांनी ती टेबलावर उघडून ठेवली आणि पाच दिवसांपूर्वीच्या पानावर बोट ठेवलं. "साहेब, थांबा. यानं अर्धंच लिहिलं. हा मेसेज मी खोटा बनवला होता. शब्द न शब्द हाच. उताराही लिहिला आहे, वाचा. चिठ्ठी उचलाची राहून गेली माह्याकडून."

साहेब वहीकडे पाहत राहिले. "याने ती चिठ्ठी पाहिली, याला पुरावा काय?"

भाऊ माझ्याकडे वळले. "काढ गा."

इथे मला लिहिता आलं असतं की मी क्षणभर थांबलो, की मी भाऊंकडे पाहिलं, की माझा हात जड झाला. तसं काही झालं नाही. माझा हात लगेच खिशाकडे गेला. तो किती लवकर गेला हे मला आजही आठवतं. जणू सकाळपासून तो कोणीतरी 'काढ' म्हणण्याचीच वाट पाहत होता.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, वहीतल्या अक्षराशी ताडून पाहिली, आणि माझा खुलासा बाजूला ठेवला.

"भाऊ, होळीला मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"आठवते साहेब."

"आजपासून तुम्ही स्टोअरला."

"हो." भाऊंनी वही मिटली नाही, तशीच टेबलावर राहू दिली. "पण आता सगळं परत भरा लागन. वाचून दाखवाले माणूस पायजे. तेवढं होईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसू द्या."

साहेबांनी मान हलवली.

इंजिनिअर येऊन डिस्क बदलून गेला, आणि पुढचे दिवस भाऊ एंट्रीच्या खोलीत स्टुलावर बसून गुणांच्या याद्या वाचत होते. नंबर, विषय, गुण. नंबर, विषय, गुण. सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत, एकाच पट्टीत. घसा बसला तर पाण्याचा घोट घेऊन पुढे. एकदा कुंदाताईंनी धीर करून विचारलं, "भाऊ, आज मशीनले भूक नाई लागली का?"

"पुढचा नंबर घ्या," भाऊ म्हणाले.

कुंदाताईंनी डोळे पुसले आणि नंबर घेतला. निकाल ठरल्या दिवशी लागला. बाहेर कोणाला काही कळलं नाही.

तीन आठवड्यांनी माझी ऑर्डर आली. मी सीताबर्डीच्या बाजारातून पेढे घेतले आणि आधी स्टोअरला गेलो. तळमजल्यावरची पत्र्याच्या दाराची खोली ती, छपाईच्या कागदांचे खोके छतापर्यंत. भाऊ बनियनवर बसले होते, खिशाशिवाय, कांदा टेबलावर ठेवलेला. मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. ऑर्डर मात्र हातात घेऊन शेवटच्या सहीपर्यंत वाचली.

"घरी पाठवलं का?"

"उद्या स्वतः घेऊन जातो."

"जाय." त्यांनी पेढा अर्धा केला, अर्धा परत पुड्यात ठेवला. मग पुडा बांधत म्हणाले, "चुकलं माहं. तुह्या मनातली सगळीच भीती काढली मी. थोडी ठेवाले पायजे होती."

मला म्हणायचं होतं की भीती मला त्या केबिनमध्ये परत मिळाली, आणि हातही किती भित्रा असू शकतो ते कळलं. मी म्हणालो, "येतो भाऊ."

वडिलांनी माग उभा करून ठेवला. मी पुढे सुपरवायझर झालो. स्टोअरमधून सामान आणायला मी कोणालाही पाठवू शकलो असतो, पण मीच जायचो. भाऊ निवृत्त होईपर्यंत सात वर्षं गेलो. ते वहीत सही घ्यायचे, खोका पुढे सरकवायचे, "उन्हाचा जाऊ नको" किंवा "डबा खाल्ला का" असं काहीतरी बोलायचे. राग नव्हताच त्यांच्या बोलण्यात. पण मी खोका वर आणला की दार लोटून एकटाच उघडायचो. वरचे कागद उचलून बघायचो, मग मधले, मग तळापर्यंत हात घालायचो. कुठेतरी एखादी ओळ असेल, एखादं वेडंवाकडं चित्र, मला दचकवायला काहीतरी.

प्रत्येक खोक्यात कागदच निघाले. मोजून, बरोबर, कोरे.